लपण्यासाठी जन्मलेली खाकी

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर उभे राहिले की मुंबईच्या बंदोबस्ताचे सगळे रंग एका जागी दिसतात. लालबाग-परळहून निघालेल्या मिरवणुका दुसरा दिवस उजाडला तरी येतच असतात. गुलालाने माखलेल्या गर्दीच्या कडेने खाकीतले हवालदार आणि महिला शिपाई दोर धरून उभे असतात. थोडे मागे निळ्या छटांच्या चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातले रॅपिड ॲक्शन फोर्सचे जवान, आणि मोक्याच्या जागी आखूड रायफली घेतलेले कमांडो. या गर्दीत आईचा हात सुटलेले पोर रडायला लागले, की आजूबाजूची माणसे त्याला उचलतात आणि खाकी शोधतात. कुणी कुणाला सांगावे लागत नाही.

खाकी शोधणे हे मुंबईकराच्या इतके अंगवळणी पडले आहे की या रंगाचा जन्म नेमका उलट कामासाठी झाला होता हे आपण विसरून गेलो आहोत. खाकी जन्माला आली ती कुणाला दिसू नये म्हणून. लपण्यासाठी निघालेला हा रंग रायफलीचा हात धरून गिरणगावात आला आणि शेवटी याच चौपाटीवर उघड्यावर उभा राहिला. त्या प्रवासाची ही गोष्ट आहे.

धूर आणि धूळ

‘खाक’ हा फारसी शब्द आपण रोज वापरतो. घर जळून खाक झाले म्हणतो, तेव्हा त्याची माती झाली असेच म्हणत असतो. खाकी म्हणजे मातीच्या, धुळीच्या रंगाचे. १८४६ साली हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली. सरहद्दीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत टेहळणी करणे हे तिचे काम. लाल डगला घालून ते होणार नव्हते. म्हणून त्याने आपल्या माणसांना तिथल्या मातीशी मिळतेजुळते सैलसर सुती कपडे दिले.

त्या काळी कंपनीच्या फौजा लाल रंगात लढत. मुंबई इलाख्याच्या पलटणींतला आपला शिपाईही लाल डगल्यातच रणांगणावर उभा राही. आज हा वेडेपणा वाटतो, पण त्याला कारण होते. तेव्हाच्या बंदुकीची गोळी शंभर यार्डांपलीकडे नेमकी लागण्याची फारशी आशा नसे. दोन-चार फैरी झडल्या की काळ्या दारूचा धूर असा कोंडे की आपला कोण आणि परका कोण हे कळेनासे होई. त्या धुरात सेनापतीला आपली रांग ओळखू यावी म्हणून भडक रंग लागे. लपण्यापेक्षा ओळख पटणे महत्त्वाचे होते.

मग बंदुकीच्या नळीत आतून पीळ आले. फिरत जाणारी गोळी सरळ आणि लांब जाऊ लागली, बंदुकीची रायफल झाली. १८८६ साली फ्रान्सने धूर न करणारी दारू वापरणारी रायफल सैन्याला दिली आणि युद्धाचे रूपच पालटले. आता गोळी झाडणारा झुडपाआड दिसत नव्हता, धुरावरून त्याचा ठावही लागत नव्हता, आणि समोरचा लाल डगला मात्र हजार यार्डांवरून दिसत होता. रायफलीचा पल्ला वाढत गेला तसा सैनिकाचा रंग मातीत उतरत गेला. आजच्या चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशापर्यंतचा सारा इतिहास या एका नात्यावर उभा आहे.

१८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी उन्हाळी पांढरे कपडे चहाच्या पाण्यात, शाईत, मिळेल त्या रंगात बुडवून मळखाऊ करून घेतले. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांब पल्ल्याच्या माउझर रायफलींनी इंग्रजांना जेरीस आणले. त्यानंतर इंग्लंडने मायदेशातल्या फौजेलाही मळकट रंग दिला. जर्मनीने १९१० मध्ये करडा-हिरवा स्वीकारला. फ्रान्स मात्र लाल विजारींचा अभिमान सोडेना. १९१४ च्या ऑगस्टमध्ये मशीनगनसमोर त्या लाल विजारींची जी कत्तल झाली, तिने तोही अभिमान संपवला. पुढच्याच वर्षी फ्रेंच सैन्याने चित्रकारांची खास तुकडी उभारली. तोफा, मोर्चे, निरीक्षणाच्या जागा रंगवून नजरेआड करणे हे तिचे काम. ‘कॅमोफ्लाज’ हा फ्रेंच शब्द तिथूनच जगभर गेला.

एकाच घरातले दोघे

या महायुद्धात मुंबईचा वाटा दोन प्रकारचा होता, आणि दोन्ही वाटे बहुतेक वेळा एकाच घरातून येत. रत्नागिरी आणि सातारा हे दोन जिल्हे मुंबईच्या गिरण्यांना कामगार देत आणि लष्कराला शिपाई. एक भाऊ परळच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहून पाळी भरी, दुसरा पलटणीत भरती होई. दोघांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची चूल पेटे.

१९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियाच्या मोहिमेची पहिली फौज मुंबईच्या बंदरातून निघाली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शरण जावे लागले. कैदेत गेलेल्यांतले किती तरी परतलेच नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ते गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते.

या शिपायांच्या खांद्यावर जी रायफल आली ती पुढे शंभर वर्षे भारतातून हलली नाही. ली-एनफील्ड, म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’. नळीचे तोंड इंचाच्या ३०३ हजारांश भागाएवढे, म्हणून हे नाव. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनू लागली. तिच्या पेटीत दहा गोळ्या मावतात. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने दांडी वर उचलायची, मागे ओढायची, रिकामे पितळी टरफल टपकन बाहेर पडले की दांडी पुढे ढकलून खाली दाबायची, आणि पुन्हा नेम धरायचा. चांगला तयार झालेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. त्या काळी जगातल्या उत्तम रायफलींत तिची गणना होई. ही वर, मागे, पुढे, खाली अशी चार हालचालींची कवायत लक्षात ठेवावी, कारण पुढे एका रात्री ती फार महाग पडणार होती.

आणि कापड? दोन्ही महायुद्धांत मुंबईच्या गिरण्यांनी लष्करासाठी धागा, ड्रिल आणि कॅनव्हास पुरवला. दुसऱ्या महायुद्धात तर गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या आणि भोंग्यांना रात्रीचीही उसंत उरली नाही. सैनिकी खाकीचा रंग साध्या रंगासारखा नसे. लोह आणि क्रोमियम यांच्या क्षारांच्या पाण्यातून कापड काढायचे, पिळून वाळवायचे, मग सोड्याच्या पाण्यातून न्यायचे. तिथे ते धातू कापडाच्या धाग्यातच घट्ट बसत. लोखंडाच्या गंजाचा तांबूस आणि क्रोमचा हिरवट, दोन्ही मिळून मातीचा रंग तयार होई. म्हणजे ही खाकी खरोखरच धातूची माती होती. ऊन, घाम, धुलाई कशानेही ती सहज उतरत नसे. पण कापड करकरीत होई आणि शिवताना सुई अडे.

१९४३ च्या सुमारास ब्रह्मदेशच्या आघाडीवर या खाकीचे पितळ उघडे पडले. सरहद्दीच्या धुळीत दिसेनासा होणारा हा रंग दाट हिरव्या जंगलात दुरून उठून दिसे. सैन्याने घाईघाईने ‘जंगल ग्रीन’ गणवेश घेतले. लपण्याचा कुठलाही रंग सगळीकडे लपवत नाही, हा धडा तिथे रक्त सांडून मिळाला. भारतीय लष्कर पुढे ऑलिव्ह ग्रीनमध्ये गेले ते इथूनच. मागे उरलेली खाकी पोलिसांची झाली.

नळीची दुसरी बाजू

गिरणगावाने रायफल मात्र केवळ भावाच्या खांद्यावर पाहिली नाही. ती समोरूनही पाहिली. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. वर्षाला एक दिवस, असा त्याचा हिशेब होता. रस्त्यांवर लष्कर उतरले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे पडली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी उठाव केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी २२ तारखेला गिरणगाव बंद झाले. परळमध्ये गोऱ्या सैनिकांच्या गोळीबारात कमल दोंदे ही कार्यकर्ती ठार झाली. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत मेलेल्या नागरिकांची संख्या अधिकृत आकड्यांनुसारही दोनशेहून अधिक होती.

स्वातंत्र्य मिळाले, पण नळीची दिशा लगेच बदलली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरगाव, लालबाग, परळ पेटले. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. हुतात्मा चौक हे नाव त्यांच्यामुळे आहे. हे सांगितल्यावाचून खाकीची मुंबईतली गोष्ट पुरी होत नाही. या शहराने खाकीवर विश्वास ठेवला तो हे सारे पाहून, सोसून.

मुंबईच्या शिपायाची जुनी ओळख तर निळा गणवेश आणि डोक्यावरचा पिवळा रंग ही होती. आधी पगडी, मग चपटी टोपी. गर्दीत दुरून दिसावे हाच त्याचा हेतू. पुढे तोही खाकीत आला. आपण मात्र खाकीलाही त्या पिवळ्या टोपीचेच काम दिले.

हा शिपाई राहत होता कुठे? नायगावच्या, वरळीच्या पोलीस चाळींत, गिरणी कामगारांच्या शेजारी. त्याचे गावही तेच. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला खुद्द मुंबईच्या पोलीस शिपायांत बंड उसळले. पगार, घरे, वरिष्ठांची वागणूक, संघटनेचा हक्क ही त्यांची गाऱ्हाणी होती. सरकारने त्यांना आवरायला लष्कर बोलावले. खाकी एका बाजूला आणि ऑलिव्ह ग्रीन दुसऱ्या बाजूला, असे दृश्य मुंबईने पाहिले. गिरण्या पुढे बंद पडत गेल्या. पोलीस चाळी राहिल्या, आणि शस्त्रागारातली थ्री नॉट थ्रीही राहिली.

वास्तविक त्या रायफलीचा निकाल १९६२ मध्येच लागला होता. हिमालयात चीनच्या स्वयंचलित हत्यारांसमोर आपले जवान दांडी ओढत लढले. अंगावर थंडीचे पुरेसे कपडेही नव्हते. त्यानंतर लष्कराने एसएलआर घेतली, नव्वदच्या दशकात इन्सास आणली. लष्कराने खाली ठेवलेली थ्री नॉट थ्री देशभरच्या पोलिसांच्या खांद्यावर मात्र तशीच राहिली. दंगलीसाठी एवढे पुरे, असे धरून चालण्यात आले होते.

२६ नोव्हेंबरची रात्र

२६ नोव्हेंबर २००८. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या मुख्य हॉलमध्ये लांबच्या गाड्यांची वाट पाहणारी कुटुंबे सामानावर टेकून बसली होती. दोन तरुण आत आले. पाठीवर बॅगा, अंगात टी-शर्ट, खाली खिसेवाल्या पँटी, मनगटाला लाल धागा. खिशात भारतीय कॉलेजची खोटी ओळखपत्रे. दादरच्या पुलावर रोज असे हजार तरुण दिसतात. जगभरच्या सैन्यांनी शंभर वर्षे खपून जी लपण्याची विद्या तयार केली, तिचे सगळ्यांत विखारी रूप ते होते. जंगलात पानांचा रंग घ्यायचा तसा त्यांनी शहरात गर्दीचा रंग घेतला होता.

बॅगांतून एके-४७ निघाल्या. एका पेटीत ३० गोळ्या, आणि घोडा दाबून धरला तर त्या काही क्षणांत संपतात. समोर उभ्या असलेल्या रेल्वे पोलिसांकडे आणि सुरक्षा दलाकडे थ्री नॉट थ्री होत्या, किंवा फक्त काठ्या. वर, मागे, पुढे, खाली. एक गोळी. पुन्हा वर, मागे, पुढे, खाली. आणि गोळी झाडायची ती पळणाऱ्या बायकापोरांच्या गर्दीतून. हेड कॉन्स्टेबल जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि मग हाताला लागली ती खुर्ची फेकून मारली. निरीक्षक शशांक शिंदे धावून गेले आणि मारले गेले. उद्घोषक विष्णू झेंडे काचेआडच्या आपल्या खोलीतून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून कित्येक जण वाचले. तरीही त्या स्टेशनात पन्नासहून अधिक माणसे गेली.

काहींनी त्या रात्री पोलीस पळाले असे म्हटले. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा त्या रायफलीची दांडी ओढून पाहावी. हत्यार शंभर वर्षांपूर्वीचे, सरावासाठी काडतुसे अपुरी, आणि अंगावर खाकी. हल्लेखोरांना कुणावर आधी नेम धरायचा ते शोधावेच लागले नाही. खाकी दुरूनही ओळखू येत होती, कारण ती ओळखू यावी म्हणूनच आपण ती त्यांना घातली होती.

पुढे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी पडले. दोघे हल्लेखोर आधी पोलिसांची गाडी आणि मग हिसकावलेली एक स्कोडा घेऊन मरीन ड्राइव्हने निघाले. गिरगाव चौपाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी नाकाबंदी लावली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. स्कोडा अडथळ्याच्या अलीकडे थांबली. दिवे प्रखर, काचेवर वायपर फिरत होते, आत कोण आहे ते दिसू नये म्हणून. पोलिसांच्या गोळ्यांनी चालवणारा इस्माईल खान पडला. दुसऱ्या बाजूचा दरवाजा उघडला. त्या बाजूला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात नोकरी करून मग मुंबई पोलिसांत आलेले. त्यांच्या हातात होती फक्त काठी.

त्यांनी रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि आपल्याकडे वळवून घेतली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. त्यांनी नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी त्या दुसऱ्या हल्लेखोराला, कसाबला, जिवंत पकडले. हा कट कुठे शिजला, ही माणसे कुठून आली, हे जगापुढे पुराव्यानिशी आले ते त्या जिवंत पकडलेल्या माणसामुळे. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

रायफल आणि रंग यांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात सैनिकाला एकच शिकवले गेले होते: नळीपासून दूर राहा, तिच्या नजरेत येऊ नको. ओंबळे त्या नळीला छाती लावून उभे राहिले. खाकीचा अर्थ या शहरापुरता कायमचा बदलला असेल, तर तो त्या क्षणी.

त्यानंतर

राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची समिती नेमली. ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभे राहिले, राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ मुंबईत आला, नव्या रायफली, नवी जॅकेटे आली. त्यांतले बरेच काही आधी यायला हवे होते.

लष्कराचे रंगही पुढे गेले. अमेरिकेने २००४ साली सगळीकडे चालेल असा एकच करडा डिजिटल गणवेश काढला आणि अफगाणिस्तानात तो उघडा पडल्यावर दहा-अकरा वर्षांत बदलला. ब्रह्मदेशात खाकीने शिकवलेला धडा त्यांना पुन्हा शिकावा लागला. १५ जानेवारी २०२२ च्या लष्करदिनी भारतीय सैन्याने निफ्टच्या मदतीने तयार केलेला बारीक चौकोनी ठिपक्यांचा नवा गणवेश दाखवला. अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ रायफली बनू लागल्या. सीमेवरच्या जवानाला लपता यावे म्हणून देशाने बुद्धी आणि पैसा खर्च केला, आणि तो योग्यच केला.

माझे म्हणणे शहरातल्या शिपायाबद्दल आहे. त्याला लपता येत नाही. लपणे हे त्याचे कामच नव्हे. गणपतीत, मोर्चात, स्टेशनात, नाकाबंदीवर त्याने दिसलेच पाहिजे. म्हणून त्याच्या हातचे हत्यार, अंगावरचे चिलखत, सरावाच्या गोळ्या आणि राहते घर यांत हात आखडता घेणे म्हणजे त्याला नेम धरायला उभे करणे. सैनिकाला आपण झाड देतो, माती देतो. पोलिसाला यांतले काही देता येत नाही, म्हणून त्याचे देणे अधिक आहे.

गिरगाव चौपाटीवर आज तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. विसर्जनाच्या रात्री मूर्ती पाण्याकडे जातात, ढोल थकतात, आणि कुणाचे तरी पोर गर्दीत हरवते. एखादा दोर धरलेला हवालदार त्याला उचलून खांद्यावर बसवतो, आईला वरून दिसावे म्हणून.